मामाजींचा हात

संत्र्यांची टोपली टेबलावर ठेवायची की मांडीवर, एवढाच प्रश्न होता. टेबलावर सासूबाईंचा फोटो आणि चिवड्याच्या प्लेटा. मी टोपली मांडीवर घेतली. (माझे सगळे गोंधळ असेच बसल्या जागी सुरू होतात.)

सासूबाईंना, म्हणजे मैनाबाईंना, जाऊन वर्ष झालं म्हणून आमच्या अमरावतीच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना होती. बाई भारी हसऱ्या. चर्चमध्ये उपदेश चालू असताना खुदकन हसायच्या आणि वर म्हणायच्या, "देवाले हसणं आवडत नसतं, तं त्यानं हसू देलंच काहून असतं?" त्या गेल्या आणि मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, हसूच बंद झालं. रिटायर्ड हेडमास्तर, अकोल्याला जठारपेठेत एकटे राहतात. माझ्याशी तर लग्नापासून 'हं' एवढंच बोलतात.

"पाळकसाहेबांची गाडी पंक्चर झालीय. तुम्हीच प्रार्थना सुरू करा," माझी बायको रागिणी कानात म्हणाली. "आणि अहो, बाबांसमोर आज तरी घोळ घालू नका. एकदा त्यांना हसताना पाहायचंय हो मला!"

लाइट गेलेली, म्हणून मागचं दार सताड उघडं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी तर गच्च मिटले. (लहानपणी प्रार्थनेत डोळा किलकिला केला की आई चिमटा काढायची.) "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या," मी सुरू केलं, आणि थोड्याच वेळात माझ्या हातावर एक हात आला.

थंडगार, खरखरीत. मी चाट पडलो. शेजारच्या खुर्चीवर मामाजी होते ना! मी तो हात धरला. तो मागे ओढला गेला. लाजतायत, म्हटलं, आणि आणखी घट्ट धरला.

"प्रभू, हा हात बघ! या हातानं किती पोरं सरळ केली! आज तो किती वाळलाय. नखंसुद्धा वाढलीत, पित्या. एकट्या माणसाची नखं कोण कापणार?"

कोपऱ्यातून हुंदका आला. मग दुसरीकडून. शेजारच्या घरातल्या नत्थुजींचं नाक तर फुर्रकन वाजलं. मला काही कळेना. माझ्या प्रार्थनेत आजवर कोणी रडलं नव्हतं. (झोपले होते बरेच.) मी आवाज आणखी चढवला.

"या रडणाऱ्यांचं सांत्वन कर, प्रभू!" हुंदके वाढले. कोणीतरी खुर्चीसकट पडलं. "आणि या हाताचा संकोच काढून टाक. काय हवं ते त्याला मोकळेपणानं घेऊ दे!"

जोराचा हिसका बसला. टोपली लवंडली. मांडीवरून काहीतरी केसाळ गेलं. (मामाजी तर नेहमी फुल बाह्यांचा शर्ट घालतात, एवढंच डोक्यात आलं.) डोळे उघडले, तर मामाजी समोरच्या भिंतीला धरून पोट दाबत उभे. आणि मागच्या दारातून एक काळतोंड्या वानर वरूडचं संत्रं घेऊन पसार!

"मामाजी, तुम्ही तिकडे कसे?"

"अरे बापा! त्याले पाहून मी कवाचाच उठलो," मामाजींना हसण्यापायी बोलवेना. त्यांची शाळेतली मराठी पार पळाली होती. "तुमी तं त्याचा हातच सोडून नाई राहिले!"

रागिणी ओढणीत तोंड घालून हसत होती आणि रडतही होती. मामाजींनी चष्मा पुसला, मैनाबाईंच्या फोटोकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "देवा, मैनाचं हसू तू घेऊन गेला, असं मले वाटलं होतं. ते तं तू घरातच ठेवलं होतं. तुझे लय उपकार, बापा. आमेन."

या वेळी हुंदके खरे होते. (मी एक डोळा उघडून खात्री केली.)

संध्याकाळी मामाजी अकोल्याला निघाले. फाटकाशी त्यांनी स्वतःहून माझा हात हातात घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा! मला भरून आलं.

"जावईबापू, पुढच्या साली प्रार्थना इथंच ठेवा."

"नक्की, मामाजी! मीच करीन."

"करा न. एखाद्या वेळेस तुमी नसले तरी चालते," मामाजी मागच्या दाराच्या दिशेनं पाहत म्हणाले, "तो आला पाहिजे."