आरमाराच्या दाण्यावरची कबुतरं

विमान पाण्यावर सुखरूप उतरलं, हीच काय ती त्या दिवसातली चांगली गोष्ट. खाली-वर दोन-दोन पंखांचं ते आरमारी धूड पोर्ट्समथपासून दहा मैलांवर बंद इंजिनानिशी डुलत होतं, आणि ओहोटी त्याला भर समुद्राकडे नेत होती.

"टकेट, कबुतरं सोड," वैमानिक लेफ्टनंट विचर्लींनी फर्मावलं. बिनतारी यंत्र बिघडलं तर निरोप धाडायला विमानात दोन कबुतरं ठेवलेली असत. यंत्र आज इंजिनाच्याही आधी बिघडलं होतं.

मागच्या बैठकीवरल्या टकेटनं टोपलीत डोकावून पाहिलं आणि झाकण झटकन पुन्हा लावलं. आत त्याच्या स्वतःच्या दोन कबुतरी, डचेस आणि पॉली, बसल्या होत्या.

"साहेब, जरा थांबू या का? एखादी होडी येईलच."

"होडी? असेच वाहत गेलो तर उद्या फ्रान्सला पोचू!"

"पण ही पाखरं तळावर जायची नाहीत, साहेब. माझ्या घरी जातील."

मग टकेटला सगळं ओकावंच लागलं. वाळत घातलेल्या चादरी घाण होतात म्हणून बायकोनं बजावलं होतं, घरात एक तर मी राहीन, नाही तर कबुतरं. ती देऊन टाकली, असं त्यानं बायबलवर हात ठेवून सांगितलं आणि गुपचूप तळावरच्या खुराड्यात सरकवली. आरमाराचे दाणे खाऊन दोघी अशा गुबगुबीत झाल्या, की आज खुराडेवाल्यानं नेमक्या त्याच निवडल्या. पण कबुतर काही खाल्ल्या मिठाला जागत नाही. सोडलं की जन्मल्या घरी जातं.

"मग उत्तमच की! तुझी बायको तळावर कळवेल."

"कळवेल हो. नंतर माझं काय करील, ते विचारा."

"अरे, बुडून मरण्यापेक्षा तर बरं?"

टकेटनं यावर बराच विचार केला. "तुम्ही विनीला भेटला नाहीत, साहेब."

पण हुकूम तो हुकूम. त्यानं चिठ्ठीवर ठिकाण लिहिलं, खाली 'कबुतर सरकारी आहे' अशी एक ओळ जोडली आणि दोघींना सोडलं. दोघी सरळ त्याच्या घराच्या दिशेनं गेल्या.

तीन तासांत, विमानाला तरंगत ठेवणाऱ्या दोन पोकळ तराफ्यांपैकी एकात पाणी शिरून ते पार कललं. तेवढ्यात लांबवर मोटारबोट दिसली. विचर्ली आनंदानं उभे राहून गळ्यातला रुमाल हलवू लागले. टकेटनं दुर्बीण डोळ्यांना लावली. बोटीच्या टोकाला, डचेसला काखोटीला मारून, विनी उभी होती.

त्यानं साहेबांचा कोट धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा, साहेब, खाली बसा! नाही तर तिला दिसू आपण!"