दीड दिवसाची खोली

"नऊ दिवस," वायरमनने वहीतून मान वर न करता सांगून टाकलं. "सहा खोल्या, खोलीला दीड दिवस. झालं!"

"अहो बाबा, विटांची भिंत नाहीये ती!" लेक वैतागली. धंदा आता तीच बघायची. "दोन फळ्या आणि मधे फोम. वायरीचे बोगदे कारखान्यातूनच पाडून येतात. छिन्नी नाही, हातोडी नाही. खोलीला अर्धा दिवस, तोही चहा पिऊन."

"भिंत सोन्याची असू दे नाहीतर शेणाची. दीड दिवस."

या हट्टापायीच गावभर त्याला दीडदादा म्हणायचे. पण त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता, हेही खरं. चुकणार कसा? दीड दिवस सांगितला की तो बरोबर दीड दिवसच लावायचा.

लेकीला तशा बारा घरांच्या मजुरीचा अंदाज परवा द्यायचा होता. शेवटी पैज लागली. एक खोली करून बघायची. अर्ध्या दिवसात झाली, तर दीडदादाची वही माळ्यावर आणि दीडदादा घरी.

त्या रात्री त्याने वहीचं पहिलं पान चारदा उघडलं. चाळीस वर्षांपूर्वीची जाड पेन्सिल: 'खोली एक, दीड दिवस.' आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम. भिंतीतली वायरची नळी सारखी तुंबत होती आणि त्याला परत परत जावं लागत होतं. दर वेळी त्या घरातली दोन वेण्यांची मुलगी चहा घेऊन यायची आणि कप रिकामा होईपर्यंत दारातच उभी राहायची. पुढे तीच त्याची बायको झाली. तेव्हापासून दीड दिवस लिहिताना त्याला तो चहा आठवायचा. ही वही माळ्यावर टाकायची म्हणजे काय गंमत आहे?

सकाळी लेकीने वायर ओढायची स्टीलची पट्टी बोगद्यात सरकवली. सर्रकन चार हात आत गेली. दीडदादाचा चेहरा उतरला. आणि पट्टी अडली.

"सांधा भरताना फोम आत गेला असेल," लेक म्हणाली. "पॅनेलवाल्याला बोलावते."

पॅनेलवाला म्हणजे त्या भिंती उभ्या करणारा कारागीर. तिशीचा, गळ्यात निळ्या चौकडीचा पंचा. हाक पुरी व्हायच्या आत हजर. त्याने भिंतीवर हात फिरवला, कान लावला, नकाशा उलटा धरून वाचला.

"अवघड आहे," तो म्हणाला. "बघावं लागेल."

बघून तो गेला. तासाभराने परत बघायला आला. मग चहा घेऊन आला. कप दोनच होते. दीडदादाने एक उचलला, तसा पॅनेलवाल्याचा चेहरा पडला.

"या माणसाला एक काम धड येत नाही," दीडदादा पुटपुटला. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. त्याने जुन्या सवयीने भिंत ठोकून बघितली. विटांची भिंत कशी बोलते! ही मेली गादीसारखी गप्प. संध्याकाळ झाली, वायर जागची हलली नाही. लेकीचं तोंड एवढंसं झालेलं बघून त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको डबा घेऊन आली. लेक रडकुंडीला आलेली, पॅनेलवाला पाचव्यांदा भिंतीला कान लावून उभा.

"कुठे अडलंय?" तिने विचारलं. मग पदर खोचला, बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला, स्विचच्या खड्ड्यात हात घातला, केसांतला आकडा काढून आत फिरवला आणि ओढलं. निळ्या चौकडीच्या कापडाचा बोळा बाहेर आला.

तिने बोळ्याकडे बघितलं. मग पॅनेलवाल्याच्या गळ्यातल्या, एका कोपऱ्यात फाटलेल्या पंच्याकडे. पॅनेलवाला छत निरखू लागला. लेक कानापर्यंत लाल झाली.

"अगं, तुला कसं कळलं कुठे हात घालायचा?" दीडदादाने विचारलं.

"न कळायला काय झालं? मी परकराच्या चिंध्या कोंबायचे."

"कुठे?"

"अहो, तुमच्या नळीत! आमच्या घरी. तुमची खोली अर्ध्या दिवसातच झाली असती. मग तुम्ही परत आला असतात का?"

दीडदादा मटकन खोक्यावर बसला. चाळीस वर्षं! शाळा, दवाखाने, अख्ख्या गावाची वायरिंग त्याने एका परकराच्या चिंधीवर मोजली होती. "आणि मी नळीला शिव्या घालत होतो," तो म्हणाला. त्याला हसू आवरेना आणि डोळेही.

वायर पाच मिनिटांत पार झाली. खोली पुरी व्हायला दीड दिवस लागला होता, त्याला कोण काय करणार? पण तो मुकाट्याने उठला आणि वही लेकीपुढे धरली.

"टाक माळ्यावर. खरा अंदाज अर्ध्या दिवसाचाच आहे, तू जिंकलीस."

लेकीने वही घेतली. बारा घरांच्या कागदावर 'अर्धा दिवस' लिहिलं. मग दाराकडे हळूच बघितलं. तिथे पॅनेलवाला फाटका पंचा पिळत उभा होता.

तिने लिहिलेलं खोडलं.

"दीडच राहू दे, बाबा," ती म्हणाली. "भिंत नवीन आहे. काय सांगावं, कुठे काय अडेल."