पारव्यांचं मौन आणि गवेरावांचा पाठिंबा

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ महाराज होते. ते दुपारी झोपत. राज्यकारभार म्हणजे मुख्यतः तेवढाच. पण समोरच्या कड्यावरचे पारवे घुमल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे.

एकदा महाराजांना वाटलं, तो कडा लिंपून गुळगुळीत करावा आणि त्यावर आपलं चित्र काढावं. झालं! कुंभारमाश्या चिखल घेऊन कामाला लागल्या. कपारी बुजू लागल्या. एका कपारीत सगुणा पारवी दोन अंड्यांवर बसली होती. 

ती सगळ्या पारव्यांना म्हणाली, "आपल्याला ना नखं, ना दात. आपण घुमायचंच नाही."

महाराजांची झोप उडाली. ते कुशी बदलू लागले, प्रधानावर खेकसू लागले. "बंद करा ते लिंपण!" हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात गवेराव आले. हा गवा मनाने भला. जंगलात कुणावरही संकट आलं की अध्यक्षस्थानी हाच.

"सगुणाताई, मी तुमच्या पाठीशी आहे. काय करू, सांगा."

"काही नको, दादा. फक्त आमच्यासोबत गप्प बसा."

गवेरावांचे डोळे पाणावले. "केवढा थोर विचार! हा लोकांपर्यंत पोचलाच पाहिजे." आणि खडकावर चढून ते मौनाच्या महत्त्वावर बोलू लागले.

"अहो, गप्प बसा ना!" सगुणा कळवळली.

"ऐकलीत ही आर्त हाक?" गवेराव गहिवरून श्रोत्यांना म्हणाले.

भाषण खर्जातलं आणि संथ. प्रास्ताविक संपायच्या आत महाराज घोरू लागले. सगुणाच्या शेजारची कपार बुजली.

ते पाहून गवेरावांना हुंदका फुटला. "या घरट्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." आणि ते खरोखरच गप्प झाले.

महाराज खडबडून उठले. "कोण गप्प बसलंय? काय हवंय त्यांना? देऊन टाका!"

 सगुणाने चोच उघडली.

"थांबा ताई, तुम्ही दमलात. मी सांगतो," गवेराव पुढे सरसावले. "महाराज, या मौनामागची भूमिका थोडक्यात मांडतो..."

महाराजांनी पंजावर मान टाकली.

चिखलाचा पहिला गोळा सगुणाच्या शेपटीवर पडला. ती अंड्यांवर पंख पसरून घट्ट बसली.

"ताई," गवेरावांनी आपुलकीने विचारलं, "तिथपर्यंत ऐकू येतंय ना?"

तात्पर्य : मदत कशी हवी, हे पीडितांना कधीही विचारू नये. ते चटकन सांगतात, आणि मग तेवढंच करावं लागतं.