तेवीस किलोची बॅग

रविवारी सकाळी लोक देवाला जातात, आमचे भिकनआबा वजनकाट्याला जातात. सुरतेत, उधन्यातल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सुताचं गोदाम आहे. तिथल्या मोठ्या काट्यावर आबा आपली चाकांची बॅग चढवतात आणि आकडा वाचतात. तेवीस किलोच्या वर भरली, की तिथंच उघडून कळण्याच्या पिठाची एखादी पुडी बाहेर काढतात. गोदामवाला गुजरातीत विचारतो, "आबा, क्यारे जवानुं?" म्हणजे, कधी निघणार?

"तयारी चालू शे," आबा म्हणतात. ही तयारी तीन वर्षं चालू आहे.

जायचंय कॅनडाला, लेकीकडे. बायको कधीच गेली, लेक एकुलती एक, जया. आबांचा जन्म गेला लूमवर, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते सुताच्या हिशेबानं बघतात. "एक तार तुटनी, का आख्खा ताका गया." ताका म्हणजे कापडाचा तागा. सुरत-दिल्ली ही एक तार, दिल्ली ते युरोप दुसरी, तिथून टोरंटो तिसरी. मधल्या गाठी पक्क्या हव्यात, म्हणून दर विमानतळावर त्यांना नऊ तास मोकळे पाहिजेत.

"नऊ तास करणार काय तिथं?" मी विचारलं.

"बसी राहसू. मशीन बंद पडनं तरी मी घर जात व्हतू का?"

बसण्याचा तर त्यांनी सरावही केला. एकदा प्लास्टिकच्या खुर्चीला पंच्यानं स्वतःला बांधून ते सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसले. जेवण मांडीवर. शेजारची सीट रिकामी नको म्हणून मला बसवलं होतं. मी दोन तासांत पळ काढला आणि महिनाभर गल्लीला हसवलं. चेष्टा करायची संधी मी सहसा सोडत नाही.

आबा अडले ते एका कागदापाशी. एजंटानं सांगितलं, व्हिसासाठी लेकीचं आमंत्रणाचं पत्र लागेल. आबांनी ते काही मागितलं नाही. "मांगीसन लिधं ते आमंत्रन कसानं?"

त्याला कारण होतं. जया परदेशी निघाली त्या दिवशी आबा तिला पोचवायला गेले नव्हते. कारखान्यात लूमवर सुताचा बीम चढवायचाय म्हणून सांगितलं आणि निघून गेले. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती. बंद फाटकाशी डबा मांडीवर घेऊन बसलेले आबा मी स्वतः पाहिले होते. जयाला हे माहीत नाही. बाप रागावलाय असंच ती समजून आहे. फोनवर दोघं एकमेकांना जेवण झालं का एवढंच विचारतात.

गेल्या रविवारी मी आबांबरोबर गोदामात गेलो होतो. बॅग काट्यावर ठेवून ते एकदम म्हणाले, "तिनी बलावंच नही रे माले."

आणि मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी जयाचा मला फोन आला होता. "काका, पत्र पाठवलं तर आबा येतील का? त्यांना विचारायचा धीर होत नाही." मी माझ्या सवयीनं म्हणालो होतो, "आबा? अगं, इथल्या इथं कतारगामला जायचं तर माणूस तीन दिवस तयारी करतो. विमान बघूनच परत फिरतील." ती हसली होती. मीही हसलो होतो. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि मी ते साफ विसरून गेलो.

सगळं आबांना सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी घाईनं फोन काढला, "आत्ता लावतो तिला."

"तठे आते साडेअकरा वाजनात रातना," आबा म्हणाले. "झोपू दे तिले. सांजले लाव."

मग त्यांनी बॅग उघडली. पिठाच्या पुड्या आणि पापड बाजूला करत तळातून एक पिवळा फ्रॉक काढला. नातीसाठी घेतलेला, लेबल अजून तसंच.

"दोन वरीस पहिले लिधा व्हता. चार वर्सनी पोरना शे. ती आते सहा वर्सनी व्हयनी."

फ्रॉकची त्यांनी गुडघ्यावर ठेवून नीट घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला.

"तुनी नात आते चार वर्सनी शे. तिले बसी."

मला तो घेववेना, आणि परत करायचं तोंडही उरलं नव्हतं.