किशनकाकांच्या इंग्रजी रेकॉर्डी

सेनगावात आमच्या गल्लीत नवीन राहायला येणाऱ्याला पहिल्या संध्याकाळी वाटतं, की शेजारी कुणाच्या तरी पोटात दुखतंय. मलाही वाटलं. बँकेच्या बदलीवर आलेला मी सडाफटिंग माणूस, सामान अजून पोत्यांत होतं. भिंतीपलीकडून 'हूंऽऽ हूंऽऽ' असं खोल कण्हणं सुरू झालं आणि काही केल्या थांबेना. शेवटी माणुसकीला जागून मी ओव्याची पुडी घेऊन शेजारी गेलो. अंगणात एक बाई सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. मी पुडी पुढे केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काही झालं न्हाई त्यांना. खालचं भरून राहिले."

ओसरीवर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बनियनवर बसले होते. समोर चावीचा ग्रामोफोन. त्यावर कुठल्यातरी इंग्रजी वाद्यवृंदाचं अतिशय संथ असं काही चाललं होतं आणि त्याच्याखाली हे डोळे मिटून आपला आवाज लावत होते. तेच किशनकाका. तबकडी संपल्यावर ते मला म्हणाले, "वरचं सगळ्यांनाच ऐकू येतं, सायब. खालचं ऐका." त्यांनी ती पुन्हा लावली. मी कान टवकारले. खाली मला नुसती खरखर ऐकू आली आणि मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर ते खूश होऊन म्हणाले, "बराबर हाय. खालचं त्याच्यात न्हाईच."

माणूस वेडा आहे की मला वेड्यात काढतोय, हे ठरवायला मला पुढे बरेच दिवस लागले.

किशनकाकांचा धंदा लाऊडस्पीकरचा. सेनगावपासून नरसीपर्यंतच्या लग्नांत झाडावर भोंगे बांधून ते रेकॉर्डी वाजवायचे. तरुणपणी हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी सिनेमाच्या रेकॉर्डींची एक पेटी स्वस्तात उचलली. घरी आणून उघडली तर वरच्या चार सिनेमाच्या आणि खाली सगळ्या इंग्रजी, कुण्या साहेबाच्या बंगल्यातून निघालेल्या, शंभरेक वर्षांपूर्वीच्या. गाणं नाही, शब्द नाही, नुसतं वाजवणं. त्यातली एक चुकून एका लग्नात वाजली, ऐन पंगतीत. जेवणारे थांबले. मुलाचे वडील हातातला घास खाली ठेवून विचारायला आले, की कोण गेलं.

दुसऱ्या कुणी ती पेटी भंगारात घातली असती. काकांना मात्र तिच्यात एक कोडं सापडलं. वरची चाल इतकी छान, मग तिच्याखाली पोकळ का वाटतं? उत्तर त्यांना त्यांच्याच धंद्यात मिळालं. भोंग्यातून सनई कोसभर जाते, पण संबळाचा घुमारा भोंग्याच्या तोंडाशीच मरतो. म्हणजे रेकॉर्ड भरताना ही माणसंही भोंग्यापुढेच बसून वाजवत असणार आणि त्यांच्यातल्या जाड आवाजाच्या वाद्याचं वाजवणं तबकडीत उतरलंच नसणार. "बिचारे येऊन वाजवून गेले," काका सांगायचे, "अन् कोणालाच ऐकू न्हाई आले. मग त्यांचं कोणी भरायचं?" ते काम त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि रोज दिवेलागणीला ते करू लागले.

मी फोनवर शोधून पाहिलं. काकांचं निम्मं बरोबर निघालं. तेव्हा खरंच कर्ण्यापुढे दाटीवाटीनं बसून वाजवत. पण माणसापेक्षा उंच अशी जी त्यांची मोठी सारंगी, तिचा आवाज कर्ण्याला पकडताच येत नसे, म्हणून पुष्कळदा तिच्याऐवजी पितळेचं मोठं तोंडी वाद्य बसवत. ही माहिती मी मोठ्या उत्साहानं काकांना दिली. त्यांनी फिरती तबकडी हातानं थांबवली. मग विचारलं, "मग सारंगीवाला घरी गेला असंल?" असेल, म्हणालो. "त्याला काय सांगितलं असंल घरी पाठवताना?" हे फोनमध्ये नव्हतं. दोन दिवस काका कुणाशी धड बोलले नाहीत. काकूंनी मला बजावलं, की पुन्हा त्यांना फोनमधलं काही सांगायचं नाही.

काकूंचं, म्हणजे कौसाकाकूंचं, या संगीताबद्दलचं मत एका वाक्यात मावतं. "आमच्यात मयताला बी एवढं सावकास न्हाई चालत." रेकॉर्ड लागली की त्यांच्या सुपाचा आवाज वाढायचा. गोऱ्यांचं रडगाणं, हा त्यांचा कायमचा शब्द.

मला मात्र हळूहळू गोडी लागली. काकांची समजावण्याची रीतही अशी, की संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही कळावं. आपल्या भजनात सगळे एकाच चाकोरीनं जातात, पुढच्या गाडीच्या मागं मागची गाडी. ह्यांच्यात चौघं चार वाटांनी निघतात. मध्ये एका जागी सगळ्यांचं भांडण होतं. त्या जागी काका माझा हात दाबायचे. "आता पाहा, जुळून न्हाई राहिलं. तंटा हाय." मग काकांचा खालचा सूर एक पायरी सरकायचा आणि सगळं पुन्हा गोड. "मिटला. अन् कोणी मिटवला? खालच्यानं." काका गावाच्या तंटामुक्ती समितीत होते. तिथेही ते असंच करायचे म्हणे. आरडाओरडा करणाऱ्याकडे पाहायचंच नाही, कोपऱ्यात गप्प बसलेल्याला आधी विचारायचं.

हा प्रयोग त्यांनी भजनी मंडळातही करून पाहिला. सगळे वर चढले की हे खाली उतरायचे. मंडळाला वाटलं म्हाताऱ्याचा घसा गेला. त्यांनी ज्येष्ठमध आणून दिलं, मग सुंठ, आणि शेवटी हातात टाळ देऊन, यापुढे काका, तुमी नुसते टाळ धरा, असं आदरानं सांगितलं.

मुलगा अंकुश डीजेवाला. वारंगा फाट्यापर्यंत त्याला सुपारी असते. त्याच्या स्पीकरच्या पेट्या लागल्या की भिंतीचे पोपडे पडतात. एकदा त्यानं हौसेनं वडिलांना पेटीसमोर उभं केलं आणि म्हणाला, घ्या तुमचं खालचं, पाहिजे तेवढं. काका छातीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "खाली लय गर्दी हाय रे लेकरा. पण वरती कोणीच न्हाई."

गेल्या हिवाळ्यात एके संध्याकाळी रेकॉर्ड सुरू झाली आणि हुंकार आलाच नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. दुसरी रेकॉर्ड लागली, तरी नाही. मला चैन पडेना म्हणून गेलो. काका ग्रामोफोनच्या लाकडी पेटीला कपाळ टेकवून बसले होते. म्हणाले, सुई घासली. नव्या सुया आणल्या. मग म्हणाले, कर्ण्यात धूळ बसली. मग अंकुशच्या डीजेनं हवा खराब केली, इथपर्यंत गाडी गेली. मला तर चाल स्वच्छ ऐकू येत होती. रेकॉर्ड जिथल्या तिथे होती, काकांचे कान गेले होते. आयुष्यभर भोंग्याखाली उभं राहिलेल्या माणसाचे कान टिकायचे तरी कसे?

अंकुशनं त्यांना हिंगोलीला डॉक्टरकडे नेलं. बारीक आवाज गेलेत, जाड थोडे उरलेत, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कानाला यंत्र दिलं. यंत्र लावून काकांनी रेकॉर्ड ऐकली आणि काढून ठेवलं. "नुसता पाऊस पडून राहिला." रेकॉर्डीची खरखर तेवढी वाढली होती. काकूंची तक्रार वेगळीच. काही विचारलं की हे आपले व्हय व्हय म्हणून मोकळे, पुढं काहीच नाही. म्हातारपणी माणसाला बायकोचा एवढा कंटाळा येतो का, असं त्यांनी मला एकदा विचारलंही.

त्यानंतर एका संध्याकाळी काकांनी मला जवळ बसवून घेतलं. तबकडी फिरत होती. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "वरचं दिसलं तर खाली पाय ठेवता येतो. अंधारात कुठं पाय टाकू सांगा. ह्या मुलखात ही चाल मला एकट्याला येत होती. आता मलाबी न्हाई." मला त्यांच्याकडे पाहवेना. मी उगाच ग्रामोफोनची चावी फिरवत बसलो.

तेवढ्यात अंगणातून गुणगुणणं ऐकू आलं. कौसाकाकू खाली मान घालून तूर निवडत होत्या आणि रेकॉर्डीतली चाल जशीच्या तशी म्हणत होत्या. जशीच्या तशी म्हणजे आपल्या पद्धतीनं. जात्यावरच्या ओवीसारखी खालच्या पट्टीत, मधेच एखादी मुरकी घालून, पण एक जागा चुकत नव्हती. काकांना अर्थात काहीच कळलं नाही. मी काकूंना हातानं खुणावलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, ओसरीवर आल्या आणि काकांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन गुणगुणू लागल्या.

काका दचकले. मग त्यांनी डोळे मिटले.

तबकडीची एक बाजू चारेक मिनिटांत संपते. चाल ऐन रंगात तुटते आणि तबकडी उलटी करावी लागते. बाजू संपली, सुई नुसती घासू लागली. मी तबकडी उलटायला उठलो, पण काकू थांबल्याच नाहीत. पलीकडच्या बाजूला चाल जिथून सुरू होते तिथे त्या सरळ चालत गेल्या.

"तुला कधीपासून येतं हे?" काकांनी विचारलं.

"दुसरं काय ऐकू दिलं तुमी चाळीस वर्षं?" काकू त्यांच्या कानाशीच म्हणाल्या आणि पुन्हा चाल धरू लागल्या. काकांनी त्यांचा हात धरला.

"गाणं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुजा आवाज ऐकू येऊन राहिला मला. किती दिवसांनी. असंच बोल काही. काय बी बोल."

काकू माझ्यासमोर लाजल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं. काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून हातात असलेली चाल तशीच ठेवून त्यांनी तिच्यात घरचं सांगायला सुरुवात केली. तुरीत औंदा खडे फार आहेत. अंकुशला खोकला झालाय आणि तो कुणाला सांगत नाही. म्हैस पुढच्या महिन्यात व्यायची आहे. हे तीन वेळा सांगितलं, तुमी नुसतं व्हय म्हणालात. मला वाटलं रागावलात, मग मीबी बोलणं सोडलं.

काका मान डोलवत सगळं ऐकत होते. खालचा सूर द्यायचं त्या संध्याकाळी ते विसरूनच गेले.