पोचवायला आलेले नाना

आमचे नाना कुणालाही घराच्या दारातून निरोप देत नाहीत. निरोप स्टँडवर द्यायचा, आणि तोही गाडीत चढून. ड्रायव्हरला "आमची माणसं हायती, दमानं घ्या" असं बजावायचं, खिडकीची काच दोनदा सरकवून बघायची, शेजारच्या प्रवाशाला गाव विचारायचं, मग खाली उतरून हात हलवायचा. एकदा मावशीला पुण्याच्या एसटीत बसवताना शेजारच्या बाईशी लांबचं नातं निघालं आणि नाना उतरायचेच राहिले. साताऱ्याहून फोन केला, "मावशी साताऱ्यापातूर सुखरूप हाय."

नाना माझे धाकटे चुलते. लग्न केलं नाही. कराडजवळच्या मलकापुरात आमच्या मागच्या खोलीत राहतात. बहिणींना सासरी, पुतण्यांना नोकरीवर आणि मला कोल्हापूरच्या होस्टेलवर त्यांनीच पोचवलं. स्वतः कुठं गेल्याचं मला आठवत नाही.

तर, कराडहून मिरजेपर्यंत जुन्या कोळशाच्या इंजिनाची एक हौशी फेरी निघाली. बायकोनं पाच तिकिटं काढली. आम्ही दोघं, दोन पोरं आणि नाना. "नानांना सांगा तेवढं," ती म्हणाली. पण त्याच डब्यात आमचे साहेब सहकुटुंब येणार होते. नाना त्यांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करणार, हे मला लख्ख दिसत होतं.

मी नानांना सांगितलं, तिकिटं संपली. बायकोला सांगितलं, नाना गुडघ्यामुळं नको म्हणतात. या दोन थापा मी आठवडाभर एकमेकींना भेटू दिल्या नाहीत.

रविवारी नाना कराड स्टेशनवर हजर. पोचवायला. बाजारातली म्हैस पारखावी तसं त्यांनी इंजिन दोन्ही बाजूंनी निरखलं, ड्रायव्हरला बजावलं, डब्यात डोकावून साहेबांना गाव विचारलं. साहेबांनी मला हळूच विचारलं, "हे कोण?"

"आमच्या गल्लीतले," मी म्हणालो.

गाडी सुटली. दोन्हीकडे ऊस, पोरांच्या नाकावर काजळी. शेणोलीला फोटोसाठी गाडी थांबली, तर फलाटावर हेल्मेट घातलेले नाना. मोपेडवरून आलेले.

"म्हणलं बगावं, नीट बसलाय का न्हाई." आणि पुन्हा हात हलवून निरोप.

ताकारीला इंजिनानं पाणी घेतलं. नाना आधीच पोचलेले, पेरूची पिशवी घेऊन. सगळ्या डब्याला पेरू वाटले. साहेबांच्या मुलीला विचारलंच, "लगीन कवा?" ती म्हणाली, "तुम्ही बघा की मुलगा." साहेब पोट धरून हसले. भिलवडी जवळ आली तसा सगळा डबा माझ्या बाजूच्या खिडकीला लोटला. साहेबांनी कॅमेरा काढून ठेवला, नानांसाठी.

नाना होतेच. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

माझी बायको खिडकीतून म्हणाली, "नाना, एवढी धडपड करण्यापेक्षा आमच्यासोबतच यायचं होतं. तुम्ही गुडघ्यामुळं नको म्हणालात, म्हणून तुमच्या सीटवर बॅगा ठेवल्यात बघा."

नानांनी सीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पेरूतल्या बिया बघत बसलो.

"आवं सूनबाई," नाना म्हणाले, "बसून राहिलं की गुडघा धरतोय. मोपेडवर कसा लय मोकळा ऱ्हातो."

"मग आता तरी चढा."

"मोपेड कुटं टाकू? आणि समदीच आत बसल्यावर खाली हात कुणी हलवायचा?"

असं म्हणत त्यांनी खिडकीतून हात घालून बॅगेची उघडी चेन लावली. त्यांच्याच सीटवरच्या बॅगेची. "नीट जावा," म्हणाले.

मी उठायला हवं होतं. उठलो नाही. शिट्टी झाली, धूर मागं गेला, धुरात नानांचा हात हलत राहिला.

"किती हट्टी आहेत," बायको म्हणाली. मी मान डोलावली.

हे लिहून झालं की कागद आधी तिच्याच हातात देणार आहे. नानांना वाचून दाखवायची गरज नाही. त्यांना भिलवडीलाच सगळं कळलं होतं. तरी संध्याकाळी आम्ही कराडला उतरलो, तेव्हा ते न्यायला उभे होते. पोरांच्या आधी माझ्याच हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "दमलास का रं?"