नॉट फेल, ट्रान्सफर

लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या दिघ्यांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य असं होतं: "वहिनी, आधीच सांगून ठेवतो, या पिशवीत सुरमई आहे." तोवर मी नाकही हलवलं नव्हतं. सिंगापूरच्या सेंगकांग भागात राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन दिवस झाले होते आणि शेजारी मराठी निघाले म्हणून मी खुशीत होते. आमचा मजला येईपर्यंत मला कळलं, की सुरमई ताजी आहे, तळताना वास येणार आहे, तो आला तर मी दार लावून घ्यावं आणि राग मानू नये.

मुकुंद दिघे एका बँकेत कम्प्लायन्सला आहेत. म्हणजे कोण कुठं नियमाला बगल देतोय ते शोधायचं, आणि जो देत नाही त्याच्याकडूनही तसं लिहून घ्यायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन बुटांबरोबर स्वभाव थोडाच काढून ठेवणार? भिंतीत खिळा ठोकायचा तर दिघे आदल्या दिवशी आमची बेल वाजवतात. घरी मेहुणा येणार असेल तर तो मोठ्यानं हसतो, हेही कळवून जातात. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर पहिला घास घ्यायच्या आत म्हणाले, "आमटी आज पातळ झालीय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणाला बोलायला नको." शुभानं, त्यांच्या बायकोनं, ती आमटी त्यांच्याच वाटीत अशी काही ओतली, की पुढचं सगळं जेवण मी पानाकडे बघत उरकलं.

सई ही त्यांची एकुलती एक. इथल्याच शाळेत शिकलेली, मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देणारी, पण मला न चुकता मावशी म्हणणारी. ती ब्रिटनला अर्थशास्त्र शिकायला गेली, तेव्हा तिकडे मार्क हात आखडून देतात, तिकडचे सत्तर म्हणजे आपले नव्वद, हे दिघ्यांनी अख्ख्या ब्लॉकला कळवून ठेवलं होतं. पोरीनं पहिल्या वर्षी बहात्तर आणले. दिघे पेढे वाटताना प्रत्येकाला म्हणाले, "ब्याण्णव धरा."

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मात्र दिघे एकाएकी ब्रिटनला निघाले. लिफ्टमध्ये बॅग घेऊन भेटले. मी विचारलं, "काय, कुठं?" तर म्हणाले, "जाऊन येतो." बस्स. कधी येणार, कुठं उतरणार, झाडांना पाणी कोण घालणार, काही नाही. मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं. आठवड्यानं परत आले ते सईला घेऊनच.

महिनाभर सई दाराबाहेर दिसली नाही. मग एके दिवशी दिघ्यांनी जाहीर केलं, की ती ब्रिटनमधलं शिक्षण सोडून अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलला अर्ज करतेय. तिथं पदवीलाच बिझनेस शिकवतात, ब्रिटनमधलं एक पूर्ण वर्ष धरलं जातं, पुढचं तिथं करायचं.

"आणि वहिनी, आधीच सांगून ठेवतो, नापास वगैरे नाही हं. ब्रिटनमध्ये एकदा विषय धरला की शेवटपर्यंत तोच. अमेरिकेत बिझनेस शिकता शिकता मातीची भांडीसुद्धा करता येतात."

हे त्यांनी मला सांगितलं, आमच्या ह्यांना वेगळं सांगितलं, चौथ्या मजल्यावरच्या कारखानीस काकूंना तर मातीच्या भांड्यांसकट दोनदा सांगितलं. खालच्या हॉकर सेंटरातल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातल्या, कॉफीवाल्या चिनी अंकलनी बिचाऱ्यांनी फक्त कॉफी की चहा एवढंच विचारलं होतं. दिघे म्हणाले, "कॉफी. अँड अंकल, माय डॉटर, नॉट फेल. ट्रान्सफर." अंकल इथल्या ठेक्यात म्हणाले, "ओके लाह. शुगर?"

आमची आणि त्यांची भिंत एकच. संध्याकाळी पलीकडून मुलाखतीची तालीम ऐकू यायची. दिघे अमेरिकन प्रोफेसर व्हायचे आणि नाकातून विचारायचे, "व्हाय बिझनेस?" सईचं उत्तर इतकं हळू, की भिंतीला कान लावूनही काही कळत नसे. लावला होता, खोटं कशाला बोलू? एकदा मात्र त्यांच्या त्या नाकातल्या इंग्लिशला ती खुदकन हसली. त्या दिवसापासून दिघ्यांनी तोच आवाज धरला. सकाळी मला म्हणाले, "वहिनी, काल आवाज झाला असेल. आजही होईल. उद्याही."

सगळं ठीक चाललं असतं, पण न विचारता एवढं सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? ज्यांच्या मनातही आलं नव्हतं, त्यांना दिघ्यांमुळेच शंका आली. कारखानीस काकू भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "नापासच झालीय गं ती. नाहीतर कोण असं सांगत सुटतं?" काकूंच्या तोंडून निघालेलं कुठं राहतंय? दोन दिवसांत ते दिघ्यांच्या कानावर गेलं.

तेव्हापासून त्यांनी सूरच बदलला. "पोरगी तिथं छान रमली होती हो. मीच हट्ट धरला. मला अमेरिकेचाच शिक्का पाहिजे होता."

आता सगळ्यांचा रोख त्यांच्याकडे वळला. काकूंनी तर तोंडावर सुनावलं, की तुम्हा बापांची हाव काही संपायची नाही. दिघ्यांनी मान डोलावली. "हाव आहेच. आधीच सांगून ठेवतो, सुधारणार नाही." मला भारी राग आला त्यांचा. रमलेल्या पोरीला असं उपटून दुसरीकडे लावायचं म्हणजे काय? शुभा हे कसं चालवून घेते, तेही मला कळेना. ती नुसती ऐकून घ्यायची.

सईला प्रवेश मिळाला आणि ऑगस्टमध्ये ती गेली.

डिसेंबरात ती सुट्टीला आली, त्याच आठवड्यात काकूंच्या नातवाचं बारसं होतं. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, पाळणा सजवला होता. दिघे आल्याबरोबर यजमानांना सांगत होते, की पंख्याखाली बाळाला सर्दी होईल. सई साडी नेसून आली होती. काकूंनी तिची हनुवटी धरली.

"वाळलीस गं. बापानं आपल्या हौसेपायी कुठल्या कुठं नेऊन टाकलं तुला."

दिघे लगबगीनं मध्ये आले. "काकू, मी तेव्हाच म्हटलं होतं, हट्ट माझाच..."

"बाबा, थांब," सई म्हणाली. आणि ती मुलगी चक्क मराठीत बोलायला लागली, शब्द शोधत शोधत. "काकू, मी तिथं रमले नव्हते. मी आजारी होते. ताप नाही, मनानं. खोलीतून बाहेरच यायचे नाही. क्लासला नाही, जेवायला पण नाही. मग बाबा न्यायला आला. सगळे काय म्हणतील म्हणून मी खूप रडत होते. तर हा म्हणाला, सगळ्यांचं मी बघतो, माझं नाव खराब झालं तर चालतंय, मला काय आता कुठं अॅडमिशन घ्यायची नाही." मग जरा हसून ती म्हणाली, "आता मी बरी आहे. सो ही कॅन स्टॉप ऑलरेडी लाह."

काकूंचा हात हनुवटीवरून निघाला आणि सईच्या डोक्यावरून फिरला. माझ्या तर डोळ्यांतलं पाणी थांबेना. सगळे दिघ्यांकडे बघत होते, आता हे काहीतरी खुलासा करणार म्हणून. ते चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. पुसला तरी पुसतच राहिले.

शेवटी शुभानं तो त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या नाकावर चढवला.

"मुकुंद, बघ नीट तिच्याकडे," ती म्हणाली. "बरी आहे ती."